सिद्दी, इंग्रज आणि आमची मेंढरं

माझा जन्म समुद्राकाठच्या एका किल्ल्याच्या दारूकोठारात झाला. चौथीत असताना मी हे निबंधात लिहिलं, तर बाईंनी वाक्याखाली लाल रेघ मारली आणि वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. वडील उसाला पाणी धरत होते, तसेच चिखलाच्या पायांनी आले. म्हणाले, "व्हय बाई, खरं हाय. कोठार मोकळंच व्हतं." बाईंनी पुढं काही विचारलं नाही. निबंधाला मात्र दहापैकी चारच मार्क दिले, कारण विषय 'माझी सहल' असा होता.

कोठार बंदुकीच्या दारूचं. दोन हात जाडीच्या भिंती, वर कमान आणि खिडकी एकही नाही. पौष महिन्यात समुद्रावरून जे वारं सुटतं त्यात बाळंतिणीला यापेक्षा बरी जागा अख्ख्या किल्ल्यात नव्हती. ज्यानं ते बांधलं त्याच्या डोक्यात बाळंतीण नसणार, पण काम चोख केलं होतं.

आम्ही शिरूर तालुक्यातले, कवठे येमाईकडचे मेंढरंवाले. दिवाळी झाली की आमचा वाडा निघायचा. वाडा म्हणजे भिंतीचा नव्हे. पाच-सहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, सामान लादलेली घोडी, कुत्री, कोंबड्या आणि पोरंबाळं, या सगळ्या चालत्या गावाला आम्ही वाडा म्हणतो. घाट उतरून कोकणात जायचं. तिथं भाताची कापणी झालेली असायची. मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला मिळायचं आणि आम्हाला त्याच्याकडून भात. वळवाचे ढग दिसायला लागले की परत घाट चढायचा. मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा गावाला कालव्याचं पाणी आलं. वडिलांनी मेंढरं विकली, ऊस लावला आणि एका जागी बसून राहण्याचा सराव सुरू केला. तो त्यांना शेवटपर्यंत नीट जमला नाही. सकाळी उठून ते बांधाबांधानं उगाचच चार मैल फिरून यायचे.

आता मी वरवंडला असते. माझी रोपवाटिका आहे, टोमॅटो, मिरची, झेंडू, जे लोक मागतील ते. आमचे हे कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये आहेत. म्हणजे किल्ल्याशी आमचा तसा काही संबंध उरलेला नाही.

तरी या किल्ल्याचा इतिहास सांगायला हवा. तो दोन प्रकारे सांगता येतो. एक मोबाइलवर आहे. त्याप्रमाणे किल्ला मुळात कोणी बांधला याबद्दल एकमत नाही. आधी तो सुलतानाच्या माणसाकडं होता. मग पोर्तुगीज आले. मग सिद्दी आला. मग मराठ्यांनी घेतला, परत सिद्दीनं घेतला, परत मराठ्यांनी घेतला आणि शेवटी इंग्रज आले. प्रत्येकानं आल्या आल्या आधीच्याचं निशाण उतरवलं, दरवाजा दुरुस्त केला, एखादा बुरूज वाढवला आणि किल्ला आता कायमचा आपला झाला असं जाहीर केलं. तोफा पुन्हा डागता येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी त्यांच्या कानांत खिळे ठोकले आणि तेही गेले.

दुसरा इतिहास माझ्या वडिलांचा. तो इंग्रज गेल्यानंतर सुरू होतो आणि त्यात फक्त गवत आहे. वडिलांच्या मते किल्ला बांधण्यामागं एकच शहाणपण होतं. तटाच्या आत खारं वारं शिरत नाही, म्हणून तिथलं गवत मऊ राहतं. तीन बाजूंना समुद्र आणि आत यायला दरवाजा एकच, त्यामुळं एक कुत्रं उंबऱ्यात बसवलं की राखण झाली. "बांधनाऱ्याला मेंढरांची जाण व्हती," असं ते कौतुकानं म्हणायचे.

राज्यकर्ते त्यांच्या इतिहासातही होते. पहिलं राज्य गावातल्या एका नारळी-सुपारीच्या बागायतदाराचं. किल्ला आपल्या आजोबांनी सांभाळलाय, तेव्हा आतलं गवत आपलं, असं त्याचं म्हणणं. शिमग्याला त्याच्या दारात एक बकरं बांधलं की वर्षभर शांतता असायची. त्याच्यामागून एकजण आला, त्यानं स्वतःच स्वतःला राखणदार नेमलं होतं. त्याच्याकडं कागद वगैरे काही नव्हता, पण शिट्टी होती. शिट्टीवाल्याला कोण विचारणार? त्यानंतर सरकारचा निळा फलक आला. त्यावर पुष्कळ मजकूर होता. आमच्यातल्या कुणाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. मेंढरं त्याला अंग घासायची. वडील म्हणायचे, "समद्यांत चांगलं राज्य त्या फलकाचं. कवा काय मागितलं न्हाई."

हे ते चारचौघांत रंगवून सांगत. आई तेवढ्यात उठून आत जायची. चुलीवर काहीतरी उतू जात असेल असं मला लहानपणी वाटायचं.

वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मी आईला डोळे दाखवायला दौंडला नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून जमेल तेवढी धरून ठेवायची. आईनं विचारलं, "किती दिस ऱ्हाईल?" डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. दवाखान्यातून बाहेर येऊन आई रिक्षात बसली. मग म्हणाली, "हाय तवर मला किल्ल्यावर ने. तुझ्या भनीची जागा बघायचीय."

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. आषाढात गावाकडं झाली, रीतसर नाव ठेवलं आणि दिवाळीनंतर घोडीच्या पाठीवर झोळीत बसून कोकणात गेली. तिला दात यायला लागले होते. माघात ताप आला आणि किल्ल्यातच ती गेली.

आमच्यात तान्ह्या लेकराला पुरतात. समुद्राकडच्या एका बुरुजाच्या आतल्या अंगाला उंडीचं झाड होतं, त्याखाली वडिलांनी खड्डा घेतला. वर दगड ठेवावा लागतो, नाहीतर कोल्ही उकरतात. किल्ल्यात दगडांना काही तोटा नव्हता. पण तेव्हा राज्य शिट्टीवाल्याचं होतं आणि किल्ल्याचा दगड जागचा हलवायचा नाही हा त्याचा मुख्य नियम. माणूस वाईट नव्हता. खड्ड्याला त्यानं हरकत घेतली नाही, कुदळही त्याचीच होती. फक्त दगड नाही म्हणाला. वडील त्याच्याशी बोलत उभे राहिले. आई उठली, सामानातून जात्याची वरची तळी काढली, डोक्यावर घेऊन आली आणि ठेवली.

यात तिचा हिशेब होता. किल्ला सगळा तांबड्या जांभ्याचा. आमचं जातं देशावरच्या काळ्या दगडाचं. म्हणजे लांबून ओळखू येणार. आणि दुसरं, जात्याची एकटी तळी कोण नेईल? खालच्या तळीशिवाय ती कशाच्या कामाची? दुसरा कुठलाही दगड कुणीतरी चुलीला नेईल, कपडे धुवायला नेईल, पण अर्ध्या जात्याला कोणी हात लावत नाही. आमच्या माणसांना हे इतकं उघड वाटतं की जगात सगळ्यांनाच वाटत असेल असं ती धरून चालली.

उरलेला हंगाम भाकरी झाली नाही. दळायला काही नव्हतं. शेतकऱ्यांनी दिलेला भात कांडून, शिजवून सगळ्यांनी तोच खाल्ला. तेव्हापासून आई भात खात नाही. लग्नात वाढपी आग्रह करायला लागले की ती पत्रावळीवर आडवा हात धरते. लोक समजतात म्हातारीला शुगर आहे. आम्हीही तसंच सांगतो.

त्यानंतर काही वर्षांनी त्याच किल्ल्यात मी झाले. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा आईनं तिचंच नाव मला ठेवलं. आजी चिडली. असं करत नसतात, वाईट असतं, म्हणाली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. फार वापरल्यालं न्हाई." तर माझं नाव हे असं थोरल्या बहिणीचं उतरलेलं आहे. तिची कुंचीसुद्धा मलाच आली होती. कुंची मला लहान झाली, नाव चालतंय.

मेंढरं विकेपर्यंत आई दर हंगामाला त्या झाडाखाली जाऊन यायची. ऊस आला आणि ते थांबलं. नंतर तिनं वडिलांना बऱ्याचदा म्हणून पाहिलं. वडिलांचं उत्तर ठरलेलं, "तिकडं आता काय हाय? गवत सुदीक न्हाई." त्यांना त्या झाडापाशी जायला नको होतं, हे मला फार उशिरा कळलं. इतका गवताचा इतिहास सांगणारा माणूस, पण त्या एका झाडाखालच्या गवताबद्दल कधी बोलला नाही. आता ती जागा माहीत असणारी आई एकटीच उरली होती आणि तिचे डोळे चालले होते. म्हणून निघालो.

ह्यांनी शिफ्ट बदलून घेतली. पहाटे वरवंडहून गाडी काढली. आईनं पुढची सीट मागून घेतली. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून घेतला, कारण कोकणात भात मिळतो. शिवाय एक प्लास्टिकची पिशवी होती, त्यात साखरेची पुडी आणि कागदात गुंडाळलेल्या बांगड्या. बांगड्या कुणासाठी हे मला माहीत होतं, पण कोणत्या मापाच्या हे विचारायचा धीर झाला नाही. चहाला थांबलो तेव्हा हळूच उघडून पाहिलं. हिरव्या, काचेच्या आणि अगदी माझ्या मापाच्या. म्हणजे माझी बहीण इतकी वर्षं आईच्या मनात वाढत होती. मला कधी दिसली नव्हती एवढंच.

घाट उतरताना ह्यांनी आईचं मन रमवायला किल्ल्याची माहिती सांगायला सुरुवात केली. आदल्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसून त्यांनी ती पाठ केली होती.

"आत्या, पहिल्यांदा तिथं सुलतानाचा माणूस होता."

"असंल."

"मग पोर्तुगीज."

"व्हय?"

"मग सिद्दी, मग मराठे, परत सिद्दी, परत मराठे, मग इंग्रज."

आई ह्यांच्याकडं वळली. "आन् आमी?"

ह्यांनी गाडी बाजूला घेऊन मोबाइल खरंच वर-खाली करून पाहिला. "तुमचं दिलेलं नाही," म्हणाले.

किल्ला मी ओळखला नाही. माझ्या आठवणीत दरवाजाला दारंच नव्हती, फक्त कमान. आता तिथं नवी कोरी दारं होती, जुनी दिसतील अशी बनवलेली, त्यावर मोठमोठे खिळे. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून असे खिळे असतात, ह्यांनी सांगितलं. आता कुठले हत्ती येणार होते कोण जाणे. दाराशेजारी तिकिटाची खिडकी होती. वडील असते तर खिडकीपाशी किमान अर्धा तास गेला असता. ज्या किल्ल्यात आपली मुलगी झाली तिथं शिरायला तिकीट काढणारा माणूस तो नव्हे. आई मात्र खाली मान घालून मुकाट्यानं आत गेली. तिला घाई होती.

आत गवत होतं. वडील म्हणत होते तसलं नाही, लॉन. सगळीकडं एका उंचीचं, पोपटी, मधे पाण्याची कारंजी गरगरा फिरत होती आणि दर पाच पावलांवर पाटी, 'गवतावर चालू नये'. आईनं मला वाचायला लावलं. मी वाचलं.

"चारायचं न्हाई, चालायचं न्हाई," आई म्हणाली. "मग लावलंय कशाला?"

"बघायला," हे म्हणाले.

आईनं जमेल तेवढं बघितलं.

बुरूज तिनंच शोधला. दरवाजातून आत आलं की उजवा हात तटाला लावून चालायचं, पहिला जिना सोडायचा, वळणावर तट जरा आत येतो, तिथून समोरचा बुरूज. हात तटावर ठेवून ती भरभर चालली होती, मी मागं पडत होते. वळणावर थांबून तिनं विचारलं, "झाड दिसतंय?"

झाड नव्हतं. मुळं तटात शिरत होती म्हणून तोडल्याचं नंतर कळलं. झाडाच्या जागी लॉन होतं, एक सिमेंटचा बाक होता आणि पत्र्याची मोठी चौकट उभी केली होती, तिच्यावर लिहिलं होतं 'सेल्फी पॉइंट'. मुंबईकडचं एक जोडपं चौकटीत उभं होतं. त्यांनी ह्यांना फोटो काढून द्यायला सांगितला. ह्यांनी दोन काढले, एक आडवा, एक उभा.

"काळा दगड बघ," आई म्हणाली.

मी लॉनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. बाकाखाली पाहिलं, चौकटीच्या मागं पाहिलं, तटाच्या कडेनं पाहिलं. काळं काहीच नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं चपला काढल्या आणि गवतात उतरली. पाऊल उचलून टाकत नव्हती, घासत नेत होती, अंधारात उंबरा शोधतात तसं. पाटीचं काय, कारंज्याचं काय, तिला कशाशी देणंघेणं नव्हतं. लुगडं घोट्यापर्यंत भिजलं. मग मधेच कुठंतरी ती उभी राहिली आणि तिनं मोठ्यानं हाक मारली. नाव घेऊन, दोनदा. शेतातून हाक मारतात तसं, शेवटचं अक्षर लांबवत.

मी तिच्या मागंच होते. सवयीनं म्हणाले, "काय गं?"

"तुला न्हाई," आई म्हणाली.

इतकी वर्षं ते नाव मी वापरतेय. शाळेत, बँकेत, लग्नपत्रिकेत, रोपवाटिकेच्या फलकावर. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ते परत करून टाकावं आणि आपल्याला दुसरं काहीही चालेल. मला रडू आलं आणि रागही आला. पण कुणावर रागवायचं, त्या कारंज्यावर? मी तोंड फिरवून समुद्राकडं बघत बसले. चौकटीतलं जोडपं आमच्याकडं बघून निघून गेलं.

आई बराच वेळ तिथं होती. साखरेची पुडी सोडून तिनं साखर अंदाजानं चहूकडं टाकली. बांगड्यांचं काय करावं तिला कळेना. जागा नक्की असती तर तिनं ठेवल्या असत्या. शेवटी तटात एक कोनाडा होता, दिवा ठेवायचा असेल, त्यात तिनं त्या कागदासकट ठेवल्या. मला म्हणाली, "एवढ्या मोठ्या जागंत कुठं म्हनून हुडकायचं? मी लई उशीर केला." मी म्हणाले, उशीर तू नाही केलास. ती तटाकडं वळली. वडिलांबद्दल वाकडं बोललेलं तिला अजून चालत नाही.

तिच्या चपला मी हातात घेतल्या आणि परत निघालो. आता तिचा डावा हात तटाला होता. दरवाजाजवळ तट संपतो आणि एक बुटका कट्टा लागतो, त्यावर किल्ल्यात सापडलेल्या वस्तू ओळीनं मांडल्या होत्या. येताना घाईत आम्ही त्याच्यापुढून तसेच निघून गेलो होतो, आईनं हात पुढं तटालाच लावला होता. तोफेचे गोळे, मोडके खांब, पाण्याची एक दगडी ढोणी. आईचा हात कट्ट्यावरून सरकत चालला होता, गोळ्यावरून गेला, खांबावरून गेला, आणि मग थांबला. आई थांबली. दुसरा हातही तिनं वर घेतला.

जात्याची तळी होती. काळी. आईनं मधल्या तोंडात बोटं घातली. मग कडेनं चाचपत गेली. खुंट्याचं एक भोक लागलं. त्याच्या पलीकडं दुसरं. पहिलं झिजून खुंटा डुगडुगायला लागला तेव्हा वडिलांनी पाथरवटाकडून दुसरं पाडून घेतलं होतं. पुढं कडेचा टवका उडालेला होता, घाटात घोडी पडली होती तेव्हाचा. आईनं टवक्यात अंगठा बसवला आणि तसाच ठेवला.

शेजारी पाटी होती. "काय लिवलंय?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. 'सैनिकांचे जाते. दोन खुंट्यांची ही दुर्मीळ रचना पाहता दोन सैनिक एकाच वेळी दळत असावेत.'

आई म्हणाली, "असंल."

आपलं घराणं शेवटी इतिहासात शिरलं, असं माझ्या मनात आलं आणि ते मी मनातच ठेवलं. मला दुसरीच भीती वाटत होती. दगड इथं आला, म्हणजे जागा गेली. जोवर दगड सापडत नव्हता तोवर तो कुठंतरी गवताखाली दबला असेल असं तरी म्हणता येत होतं. आता तेही नाही. आणि दगड ज्यांनी उचलला त्यांनी खालचं काय केलं असेल, हा प्रश्न मला सुचला तसा आईलाही सुचला असणार, कारण टवक्यातला अंगठा तिनं झटक्यात मागं घेतला.

दरवाजात एक गणवेशातला रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. माझ्याच वयाचा असेल, तिथलाच, गावातला. मी त्याला विचारलं, हे जातं कुठं सापडलं?

"आतच, ताई. मागं साफसफाई झाली तेव्हा कामगारांनी इकडून तिकडून गोळा केलं सगळं. नेमकं कुठलं कुठं होतं ते सांगता नाही यायचं. ते कामगार बाहेरचे होते, गेले. ठेकेदारही बदलला आता."

इकडं आमच्या ह्यांनी कट्ट्यापाशी जाऊन तळीचा अंदाज घेतला होता. परत येऊन ते माझ्या कानाशी म्हणाले, "डिकीत बसतीय." कुजबुजणं त्यांना जमत नाही. कंपनीत मशिनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय आहे.

रखवालदार खुर्चीवरून उठला. "नाही हां साहेब. किल्ल्यातली कुठलीच वस्तू बाहेर न्यायची नाही. दगड नाही, खडा नाही, माती नाही."

"माती सुदीक न्हाई?" आईनं कट्ट्यापासून विचारलं.

"माती पण नाही, आजी. कायदा आहे."

आई हळूहळू आमच्यापर्यंत आली. "आन् खाली पुरल्यालं काय असंल तर?"

"त्याला तर हातच लावायचा नाही. उकरायला बंदी आहे. गुन्हा दाखल होतो."

"ह्ये गवत लावलं तवा बी न्हाई उकरलं?"

"नाही ना. तेव्हा मी इथंच होतो. झाड तोडलं तेही वरच्यावर, मुळं काढू दिली नाहीत साहेबांनी. वरची दगड-धोंड तेवढी उचलली, ट्रकनं बाहेरची माती आणून पसरली आणि त्यावर गवत लावलं. खालचं जसंच्या तसं आहे. का हो आजी?"

"माझी लेक हाय खाली," आई म्हणाली.

रखवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं, मेंढरं, माघ महिना, समुद्राकडचा बुरूज. तळीबद्दल नाही सांगितलं. त्याची पाटी कशाला बिघडवायची? त्यानं टोपी काढून हातात घेतली. त्याचा चेहरा बघून मला कळलं की हा माणूस आता रोज त्या बाजूला जाताना जरा जपून जाईल.

"आजी, कोण हात लावत नाही तिथं," तो म्हणाला. "मी आहे ना इथं."

आईनं माझ्याकडून चपला घेऊन घातल्या, पदरानं हात पुसले आणि त्याच्याकडं तोंड करून म्हणाली, "तुमी हाय तवर हायच ओ. तुमच्या मागनं दुसरं कोन येतील, त्यास्नी बी सांगून जावा."